दिवाळीनंतर मन खचतं त्याच्या नोंदी : भाऊबीज ते रथसप्तमी

कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. दिवाळी संपली की ज्यांना दोन-अडीच महिने काही करावंसं वाटत नाही, झोप पुरत नाही, गोड खात सुटतात आणि फेब्रुवारीत आपोआप बरं वाटायला लागतं, त्यांच्यासाठी. मी पुण्यात सहकारनगरला राहते, टेस्टिंगचं काम घरून करते, सुरुवातीला शिफ्ट दुपारी १ ते रात्री १० होती. मी डॉक्टर नाही. जे केलं, जे फसलं आणि जेवढा खर्च आला तेवढंच लिहिलंय.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. ओवाळून झाल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, आता तू गायब होणार ना?" मला आधी रागच आला. मग म्हणाला की गेल्या वर्षी डिसेंबरात मी त्याचे अकरा फोन उचलले नव्हते आणि त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या मुलीच्या वाढदिवसालाही आले नव्हते. मला यातलं काहीच धड आठवत नव्हतं.

रात्री फोनमधले फोटो काढून बघितले. २०२२ मध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून फोटो जवळजवळ नाहीतच, ते थेट फेब्रुवारीत सुरू होतात, आणि २०२३ मध्येही तसंच. मग जेवणाच्या ॲपमधल्या जुन्या ऑर्डरी बघितल्या तर त्याच महिन्यांत आठवड्याला चार-पाच वेळा पेस्ट्री, पाव, फरसाण, एरवी महिन्यातून एकदा. स्वतःच्या आठवणीपेक्षा हे रेकॉर्ड जास्त खरं निघालं. तुम्हीही आधी हेच करा, पैसे लागत नाहीत.

५ नोव्हेंबर

पीएचक्यू-९ नावाची नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, डॉक्टर लोक वापरतात, २७ पैकी गुण, १० किंवा वर आले तर दाखवून यायचं. माझे आले १३. ठरवलं की दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा भरायची आणि इथे गुण लिहायचे, कारण "आज बरं वाटतंय" यावर माझा विश्वास नाही.

वाचताना कळलं की या प्रकाराला, म्हणजे ठरावीक ऋतूत येणाऱ्या नैराश्याला, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याबद्दल लिहिलं. ते स्वतः दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या हिवाळ्यात त्यांना हा त्रास जाणवला. पण मग मला प्रश्न पडला की पुण्यात कुठे तसा हिवाळा आहे? इथे वर्षातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा ११ तासांचा असतो. या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला जवळपास महिना लागला.

फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी १२ आणि डी ३ करायला सांगितलं, कारण थायरॉईड कमी असलं तरी असंच वाटतं. खर्च २,८५०. थायरॉईड नॉर्मल, व्हिटॅमिन डी मात्र १४, म्हणजे कमी. आठवड्याला एक अशा आठ कॅप्सूल दिल्या, २४० रुपये. मी विचारलं की याच्यामुळेच होतंय का, तर म्हणाले, "ते हाडांसाठी घे, मनाचं सगळं त्याच्यावर ढकलू नकोस." तरी मी मनातून तसंच धरून बसले होते की कॅप्सूल घेतली म्हणजे झालं, आणि आठवडा तसाच घालवला.

१० नोव्हेंबर, रविवार

उजेड मोजायचा ठरवला. आधी फोनवरचं फुकट ॲप घेतलं, त्यात प्रत्येक वेळी वेगळा आकडा यायचा, मग १,१५० रुपयांचा लक्स मीटर मागवला (लक्स हे उजेडाचं माप). तो आल्यावर कळलं की ॲप जवळजवळ निम्माच उजेड दाखवत होतं. ॲपवर वेळ घालवू नका, निदान माझ्या फोनवर तरी ते कामाचं नव्हतं.

मीटरचे आकडे, सकाळी साडेनऊचे. माझं कामाचं टेबल, ट्यूब लावून: १४० लक्स. खिडकीला चिकटून: ६२०. खाली रस्त्यावर झाडाच्या सावलीत: ८,०००च्या पुढे. कोपऱ्यावर उन्हात: ६०,०००च्या वर. दोनदा मोजलं.

माझी ही खोली पूर्वेची आहे. पूर्वी सकाळी इथे ऊन टेबलापर्यंत यायचं, आई त्यात गहू पसरायची. शेजारचा बंगला पाडून सात मजली इमारत झाली, २०२२ च्या उन्हाळ्यात स्लॅब वर चढला आणि ते ऊन गेलं. मी तेव्हा एवढंच म्हटलं होतं की चला, उकाडा कमी झाला. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो म्हणून थोडं तरी येतं, हिवाळ्यात तो दक्षिणेकडून खालून जातो, तेव्हा काहीच येत नाही. आणि माझा त्रास सुरू झाला तोही २०२२ च्याच हिवाळ्यात. हे लिहितानाच लक्षात आलं.

१६ आणि १७ नोव्हेंबर

उपचारासाठी जो लाइट बॉक्स वापरतात तो १०,००० लक्सचा असतो, सकाळी साधारण अर्धा तास, डोळ्यांपासून फूट-दीड फुटावर, त्यात थेट बघायचं नाही. तयार मिळतो तो महाग वाटला म्हणून म्हटलं आपणच बनवू. शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. १५ वॅटची तीन एलईडी पॅनेल ८४०, दुधी ॲक्रिलिक शीट ४५०, प्लायचा तुकडा आणि क्लॅम्प ३५०. रविवार पूर्ण जोडणीत गेला.

लावल्यावर डोळे दिपले, मला वाटलं झालं काम. मीटर धरला तर दोन फुटांवर फक्त १,८००. साडेआठ हजार दिसायला तोंड अगदी वीतभर अंतरावर न्यावं लागत होतं, तिथे पाच मिनिटंसुद्धा बसवत नव्हतं. दिपणं वेगळं आणि डोळ्यांपर्यंत पुरेसा उजेड पोचणं वेगळं.

२४ नोव्हेंबर, रविवार

हा आठवडा सगळ्यात वाईट गेला आणि त्यात माझी चूक मोठी आहे म्हणून नीट लिहिते.

सकाळी उठवत नव्हतं म्हणून मी तो दिवा रात्री जेवल्यानंतर, शिफ्टच्या शेवटच्या तासात लावायला लागले. उजेड तो उजेड, कधीही घेतला तर काय, असं वाटलं. तिसऱ्या रात्रीपासून साडेतीनपर्यंत झोप येईना आणि सकाळी साडेअकराला उठायला लागले, म्हणजे आधी जे थोडंफार ऊन मिळत होतं तेही गेलं. रात्रीचा प्रखर उजेड शरीराची झोपेची वेळ पुढे ढकलतो, सकाळचा ती अलीकडे आणतो. मी नेमकं उलट करत होते. शिवाय डोकं दुखायचं. फोनच्या स्लो मोशनमध्ये शूट केलं तर दिव्यावर पट्टे पळताना दिसले, म्हणजे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) स्वस्तातला, दिवा लुकलुकत होता.

गुण १५. दिवा उतरवून माळ्यावर टाकला. १,६४० रुपये आणि आठवडा गेला. ज्यांना घरातच उजेड घ्यावा लागणार आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे किंवा बाहेर पडणं शक्य नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून अल्ट्राव्हायोलेट गाळणारा तयारच घ्यावा, हा उद्योग करू नये.

२८ नोव्हेंबर

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. फी १,२००. जायला तीन आठवडे उशीर केला, हे खर्चाच्या यादीत धरा.

बाईंनी आधी विचारलं की कधी याच्या उलट होतं का, म्हणजे झोपेची गरजच वाटत नाही, प्रचंड उत्साह, भराभर खर्च. मला वाटलं हे कशाला, तर म्हणाल्या, बायपोलर असेल तर प्रखर उजेडानेही माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, म्हणून आधी विचारावं लागतं. डोळ्यांचा आजार आहे का किंवा ज्यांच्यामुळे ऊन सहन होत नाही अशी काही औषधं चालू आहेत का तेही विचारलं. यातलं काहीही न तपासता मी घरी दिवा लावून बसले होते.

मग सरळ विचारलं, जगू नये असं वाटतं का. मी म्हटलं, तसं नाही, पण सकाळी जागच येऊ नये असं वाटतं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याच्यावर बराच वेळ बोलल्या. हे वाक्य मी घरात कुणाला बोलले नव्हते. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं वाटत असेल तर गच्ची, मीटर, दिवा सगळं बाजूला ठेवा आणि आज कुणाला तरी सांगा. टेलि-मानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

पुण्यात कसला हिवाळा, हा प्रश्न मी त्यांनाही विचारला. त्या म्हणाल्या, "बाहेर ११ तास दिवस आहे गं, त्यातला तुझ्या वाट्याला किती येतो ते सांग." मी मोजलं. उठणं साडेनऊला, आवरून टेबलावर, एकला लॉगिन, संध्याकाळी सहाला तर मावळतंच. उत्तर पंधरा मिनिटं, तीही दूध आणायला खाली गेले तर.

त्यांनी हेही सांगितलं की दोन हिवाळ्यांवरून ऋतूचंच आहे असं ठामपणे म्हणता येईल असं नाही, पण करायचं काय ते तेच राहतं: उठायची वेळ पक्की, पहिल्या तासाभरात बाहेरचा उजेड, दिवसात एक ठरलेलं काम मन नसलं तरी करायचं. महिन्याने गुण उतरले नाहीत तर गोळ्या सुरू करू. मला गोळ्यांची भीती नव्हती, फक्त ही संधी आधी घ्यायची होती.

४ डिसेंबर

मॅनेजरला शिफ्टबद्दल विचारायचं होतं. पहिला मेल लिहिला तो दीड पानी, त्यात निम्मी माफी, तो पाठवलाच नाही. दुसरा चार ओळींचा: तब्येतीमुळे एक महिना ११ ते ८ करू शकते का, क्लायंट कॉल सगळे सांभाळेन. वीस मिनिटांत हो आलं. हे मी दोन वर्षांपूर्वीही विचारू शकले असते.

तळजाई टेकडीवर रोज सकाळी पावणेसातला जायचं ठरवलं होतं. सहा दिवसांत एकदा गेले. साडेनऊला उठणारं माणूस एकदम सहाला उठू शकत नाही, आणि रोज न जमल्याने दिवसभर जे वाटत राहायचं ते मूळ दुखण्यापेक्षा वाईट. टेकडी सध्या रद्द. आता उठायची वेळ दर तीन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे, आणि काम एवढंच की चहाचा कप घेऊन उघड्यावर जायचं.

या आठवड्यात आभाळ भरलेलं आहे, मला वाटलं उपयोग नाही. मीटर लावला तर ढगातसुद्धा साडेआठला ७,०००. माझ्या टेबलाच्या ५० पट. ढगाळ दिवस चुकवू नका.

८ डिसेंबर, रविवार

उघड्यावर म्हणजे कुठे, तर गच्ची. आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे, ते नऊनंतर उठतात. पहिले तीन दिवस बेल वाजवायचा संकोच वाटला म्हणून गेलेच नाही. चौथ्या दिवशी गेले तर म्हणाले टाकीची कामं असतात, मुलं वर जातात, किल्ली देता येत नाही. खरं सांगायचं तर मी जिन्यात बसून रडले. एवढ्याशा गोष्टीवर रडू येणं हे त्या दिवसांतलंच, पण तेव्हा ते एवढंसं वाटत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी बघितलं. त्यांच्याकडे किल्ली होती, पूर्वीपासून, वाळवणासाठी. त्या म्हणाल्या, "अगं मग माझ्याबरोबर ये की. आवळासुपारी घातलीय, कबुतरं काही टिकू देत नाहीत, मला उन्हात फार वेळ बसवत नाही." मंडईजवळ किल्लीवाल्याकडून ६० रुपयांत दुसरी किल्ली करून घेतली, सेक्रेटरींना सांगून, आजी मध्ये पडल्या म्हणून हो म्हणाले.

गुण १४.

१५ डिसेंबर, रविवार

सात दिवसांत सहा दिवस गच्ची. सव्वाआठ ते नऊ. कशामुळे जमलं ते सांगते. अलार्मने मी उठले नाही, गुणांच्या तक्त्याने उठले नाही, पण आजी चार मजले... नाही, त्यांच्यासाठी एकच मजला वर, पण गुडघे दुखत असताना चढून येणार आणि ताट पसरून माझी वाट बघणार, हे डोळ्यांसमोर यायचं आणि पाय खाली टाकले जायचे. स्वतःसाठी उठणं त्या दिवसांत जमत नाही. दुसऱ्याच्या आवळ्यांसाठी जमतं.

काय करते वर? पूर्वेकडे तोंड करून बसते, सूर्याकडे थेट बघत नाही, टोपी नाही, गॉगल नाही, चहा, कबुतरं. फोन खाली ठेवून जाते. पहिले चार दिवस काहीही फरक नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री साडेबाराला आपोआप झोप आली. पहिला फरक झोपेत पडला, मन नंतर सुधारलं, म्हणून चार दिवसांत सोडू नका.

आजी बोलतात खूप. पानशेतचं धरण फुटलं तेव्हाचा १९६१ चा पूर त्यांनी बघितलाय, नारायण पेठेतलं घर पाण्याखाली गेलं होतं. मी फक्त ऐकते. दिवसात घरच्यांव्यतिरिक्त एका माणसाचा आवाज ऐकणं यानेही काहीतरी होत असावं.

२१ डिसेंबर, शनिवार

सगळ्यात छोटा दिवस. सूर्योदय ७.०३, सूर्यास्त ६.०३. गुण १०.

संध्याकाळी पाच ते सात हा अजून अवघड पट्टा आहे. उजेड उतरायला लागला की छातीत जड होतं आणि हात बिस्किटाच्या डब्याकडे जातो. डबा लपवून बघितला, सापडतो. उपयोगी काय पडलं तर साडेचारला पोटभर खाणं, बाजरीची भाकरी, पिठलं किंवा लोणी, आणि पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावणं, अंधार पडायची वाट न बघता. गोड बंद केलं नाही. आईने पाठवलेले डिंकाचे लाडू रोज एक, ठरवून, चवीने.

३० डिसेंबर

आठ दिवसांत गच्ची दोनदा. पाहुणे आले, मग मला ताप, मग दोन दिवस "आता काय, मोडलंच" म्हणून. आवळे तोवर वाळून झाले होते त्यामुळे आजीही वर येत नव्हत्या, आणि हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. गुण परत ११. एवढ्या लवकर घसरेल असं वाटलं नव्हतं.

बाईंकडे परत, ८०० रुपये. मला वाटलं होतं गोळ्या देतील. त्यांनी पूर्ण तक्ता बघितला आणि म्हणाल्या की जेव्हा जातेस तेव्हा उतरतंय हे दिसतंय, अजून तीन आठवडे देऊ. ताकीदही दिली की चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन तास बसायचं नाही, दुसऱ्या दिवशी परत सव्वाआठ, बास. घरी येऊन आजींना विचारलं की आता काय वाळवायचं. त्या म्हणाल्या, हळकुंडं आणलीयेत, पण खरं तर तूच येऊन मला हाक मार, मीपण बसूनच असते.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

गुण ७. काल भोगीची भाजी केली, मिसळीची, सगळ्या शेंगा स्वतः मंडईतून आणून. गेल्या वर्षी भोगी कधी झाली तेच माहीत नाही मला.

एक गोष्ट ज्यांना जानेवारीत निराश वाटतं त्यांच्यासाठी. २१ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो हे खरं, पण तो संध्याकाळच्या बाजूने. सूर्यास्त सव्वासहापर्यंत गेलाय, पण सकाळी उलट उशीर होतोय, आज सूर्योदय ७.१० ला आहे, पुण्यात वर्षातला सगळ्यात उशिरा सूर्य याच दिवसांत उगवतो. म्हणून सकाळी उठताना अजून अंधारच वाटतो आणि आपलंच काही चुकतंय असं वाटतं. आपलं काही चुकत नाहीये. जानेवारीच्या शेवटापर्यंत सकाळचं सोडू नका.

२६ जानेवारी, रविवार

तळजाईवर गेले, सात वाजता, आपोआप जाग आली म्हणून. मोर ओरडत होते. दीड तास चालले.

खर्च एकूण: तपासण्या २,८५०, कॅप्सूल २४०, मीटर १,१५०, फसलेला दिवा १,६४०, डॉक्टर २,०००, किल्ली ६०. म्हणजे ७,९४०. मीटर गरजेचा नव्हता, पण मला आकडा बघितल्याशिवाय पटलं नसतं. पुन्हा करायचं झालं तर आधी तपासण्या आणि डॉक्टर, मग थेट किल्ली.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

गुण ५. शिफ्ट कायमची ११ ते ८ झाली.

आजींनी गच्चीवर गोवऱ्यांवर छोट्या बोळक्यात दूध उतू घातलं, पूर्वेकडे तोंड करून, मला रांगोळीचा रथ काढायला लावला. संध्याकाळी त्यांच्याकडे शेवटचं हळदीकुंकू होतं, मी वाण म्हणून छोट्या बाटल्यांत आवळासुपारी भरून दिली. दुसऱ्या मजल्यावरची एक जण बाटली घेऊन दारातच थांबली, बाळंतपणानंतर घरूनच काम करते ती, आणि हळूच विचारलं की तुम्ही सकाळी किती वाजता असता वर.

सव्वाआठ म्हटलं. किल्लीवाल्याकडे उद्या अजून एक करायला टाकते. फोनमध्ये १५ ऑक्टोबरचं रिमाइंडर लावलंय: उठायची वेळ पक्की कर, आजींना हाक मार, भावाला फोन कर.